शेंड्यावरची चिठ्ठी

३ मार्च

कागदा, कालचं काही आठवतंय का? कसं आठवणार! सूनबाईने पेन टेकवल्याशिवाय तुझ्या डोक्यात काही शिरत नाही. मी सांगते, ती लिहिते. मला अक्षर येत नाही, पण पन्नास वर्षांचा संसार तोंडपाठ आहे.

तर ऐक. आमचे हे सहा दिवसांपासून दवाखान्यात आहेत. हृदयातली झडप बदलायला हवी, म्हणतात. ह्यांनी मान हलवली — आडवी. जगलो तेवढं पुरे, म्हणे. मुलगा रोज जाऊन घसा कोरडा करून येतो.

गच्चीत ह्यांचं कुंडीतलं जुनिपर, बोन्साय केलेलं झाड. वय तीस, उंची माझ्या गुडघ्याएवढी. शेंडा मात्र मोकाट वाढलाय, झिंज्या सोडून बसल्यासारखा. छाटणी दरवर्षी ह्याच आठवड्यात असते. उद्या मीच करते.

४ मार्च

छाटला. वरच्या फांदीला चिठ्ठी बांधलेली होती, म्हणजे कुठे कापायचं ते हे सांगूनच गेले होते. जन्मभर शिवणकाम केलं — खूण दिसली की कात्री चालवायची. चालवली.

५ मार्च

सूनबाईने चिठ्ठी वाचली. ‘ही फांदी कापू नये. पुढचा शेंडा हीच.’

जुना शेंडा वाळत चालला, म्हणून हे चार वर्षं तार गुंडाळून ही फांदी उभी करत होते. मला मोकाट शेंडा वाटला तो हीच. आता वर नुसतं उघडं लाकूड. आणि ह्या झाडाला उघड्या लाकडावर पालवी फुटत नाही, एवढं मलाही ठाऊक आहे.

सूनबाई म्हणाली, वाऱ्याने मोडली म्हणू. वारा कात्री घेऊन येतो होय गं?

६ मार्च

तोडलेली फांदी ओल्या मातीत खोचून पाहिली. माझंच मला हसू आलं. फार वेळ टिकलं नाही.

८ मार्च

ह्यांना घरी आणलं. ऑपरेशन नको, अशी सही करून आले. जिन्यात तीनदा थांबले, तरी आधी गच्चीतच गेले.

मी सांगून टाकलं. मी कापली, चिठ्ठी दिसली पण वाचणार कशी. हे स्टुलावर बसून कुंडीकडे बघत राहिले. जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून निजले. जगायला एक निमित्त होतं, तेही मीच छाटलं.

९ मार्च

सकाळी हाक आली — तार आण.

कुंडी उलटी फिरवलेली, झाडाची पाठ पुढे. तिथे करंगळीएवढी एक फांदी. तीस वर्षांत तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. फांदी मी धरली, तार ह्यांनी गुंडाळली. हिचा शेंडा व्हायला किती दिवस, मी विचारलं.

“दिवस? पाच वर्षं. आणि तू कात्रीला हात लावायचा नाही.”

मग लावणार कोण, म्हटलं. ह्यांनी तारेचा आणखी एक वेढा दिला.

११ मार्च

दवाखान्यातून फोनवर सांगतेय. ह्यांनी सकाळी आपणहून मुलाला गाडी काढायला लावली. डॉक्टरांना म्हणाले, “पाच वर्षं टिकेल अशी झडप बसवा.” ऑपरेशन परवा. सूनबाई, संध्याकाळच्या डब्यात मऊ भात आणि दुधी पाठव. मीठ कमी घाल.