करवंट्या किती?

ड्रेन्थ, उत्तर नेदरलँड्स, शनिवार, दुपारचे तीन

प्रिय सुनेत्रामावशी,

धवलचा लांबूनच नमस्कार (वाकता येत नाही, कमरेला चौदा चावे आहेत). तुझी पाठ, काकांची शुगर आणि खिडकीतला कढीपत्ता, तिघेही बरे असतील. मी जिवंत आहे. तुला नऊ फोन केले, पण शनिवारी अ‍ॅमस्टेलव्हीनला तुमच्या ढोलपथकाचा सराव, तुला काय ऐकू येणार? म्हणून लिहितो. काम एकच आहे, पण नीट सांगतो.

तू म्हणालीस, उत्तरेला डास फोडून काढतील. डास परवडले गं! इथे चिलटं आहेत, मिठाच्या दाण्याएवढी, तंबूच्या जाळीतून आत येतात. गोमाशी तर पँटवरून चावते. परवा पोटरीला गोचीड. (ती उपटायला इथे खास चिमटा मिळतो, इतका मस्त की तुलाही एक घेतलाय. असो.) आज सकाळी अगदीच सहन होईना, तेव्हा तू दिलेल्या करवंट्या काढल्या, प्रत्येकीत निखारा, वर ऊद आणि कडुनिंबाचा पाला. तंबूभोवती गोल मांडल्या. चिलटं पळाली, मी झोपलो.

बाराला इथल्या वनरक्षक बाई ओरडतच आल्या. "पाटी वाचली नाहीस?" वाचली होती. पाटीवर शेकोटीच्या चित्रावर फुली होती, माझी तर धुरी होती. मावशी, इथली जमीन माती नाहीच, शेकडो वर्षं दबून राहिलेला पाला आहे. उन्हाळ्यात वाळला की जमीनच आतून जळत जाते, आणि पन्नास पावलांवर भलतंच झाड पेटतं. करवंट्यांची बुडं जळून निखारे आत उतरले होते. दोघांनी फावड्यांनी खणलं, सगळं पाणी ओतलं, तुझं ताकसुद्धा (मसाल्याचं होतं, जीव तुटला). बाईंनी विचारलं, एकूण किती? मी म्हणालो, चार. नक्की? नक्की. चारही खड्ड्यांत त्यांनी हात घालून पाहिला, गार. आता त्या फाटकाकडे निघाल्यात, बंबाची गाडी परत पाठवायला.

काकांना नमस्कार. ढोल जपून वाजव.

तुझा,
धवल

ता. क. करवंट्या तू चारच दिल्या होत्यास ना? सराव थांबला की तेवढं कळव.

ता. क. २. मावशी, तू आयुष्यात कुणाला चार वस्तू दिल्यास? निघताना लाडूसुद्धा मोजून पाच दिलेस, सम देऊ नये म्हणून.

ता. क. ३. कळवू नकोस. तंबूमागच्या बर्चच्या बुंध्यातून धूर येतोय. गाडीमागे पळतोय.