सरकीच्या पोत्यातली ढेप

बापू,

या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीनं मला साधा प्रश्न विचारला आणि तेव्हापासून तुम्ही डोळ्यांसमोरून हलत नाही. मी पुसदला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले, हे तुम्ही पाहून गेलात. यंदा प्रदर्शनासाठी मुलींनी बायोडिझेल करायचं ठरवलं आणि कुणाच्या तरी शेतातून मोगली एरंडाच्या बिया आणल्या. मी नेहमीच्या उत्साहानं फळ्यावर लिहून दिलं : झाडावर येणारं इंधन, पडीक जमिनीवरही पिकतं, दरवर्षी पुन्हा मिळतं, धूर कमी. तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, तेल काढल्यावर ढेप उरन नं? आमच्या घरी बैलजोडी हाये. नेऊ का?" मी इतक्या जोरात "नाही" म्हणून ओरडले, की पोरगी घाबरून खालीच बसली. तिची काय चूक? आपल्याकडे ढेप म्हटली की ती बैलाच्या टोपल्यातच जायची. सरकीची ढेप खाऊनच तर आपली जनावरं कापसाच्या रानात राबतात.

आपल्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, मोगली एरंड लावला तो तुम्ही. त्या वर्षी साहेब लोक तांड्यात येऊन सांगून गेले होते, की या बियांचं डिझेल होतं, गाड्या यावरच धावतील. तुम्हाला डिझेलपेक्षा एक गोष्ट जास्त पटली : बकरी याला तोंड लावत नाही, म्हणजे कुंपणाचं काम झालं. झाडं वाढली, बिया लागल्या, त्या न्यायला मात्र कुणी फिरकलं नाही. तांडा तुम्हाला हसायचा. काकांचं शेत धुऱ्याला लागून. झाडांची सावली त्यांच्या तुरीवर पडायला लागली, तेव्हा त्यांनी न विचारता चार झाडं छाटली. सख्खे भाऊ तुम्ही, पण त्या दिवशी दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मी तेव्हा पुसदच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आमच्या सरांनी बायोडिझेलचा छोटा प्रयोग मांडला होता आणि माझ्या डोक्यात एकच खूळ, माझ्या बापाला हसणाऱ्यांची तोंडं बंद करायची. तुमच्या बिया घाण्यावरून गाळून आणल्या, तेल सरांकडे नेलं, आठवडाभर खपले आणि एका शनिवारी कॅन घेऊन घरी आले. रविवारी सकाळी आपल्या विहिरीवर अर्धा तांडा जमलेला. तुम्ही इंजिनाचं हँडल फिरवता. पहिल्यांदा नुसती फुसफुस. दुसऱ्यांदाही तेच. कुणीतरी खाकरून हसतं. तिसऱ्यांदा इंजिन धडधडतं, भज्यांच्या कढईसारखा वास सुटतो आणि पाटात पाणी येतं. याडी, पोरीची आई ती, तोंडाला पदर लावून रडते. तुम्ही ओरडता, "पाहा रे! माह्या धुऱ्यावरचं डिझेल! माह्या पोरीनं केलं!" एवढे मोठ्यानं बोलताना मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं. लांब उभे असलेले काकाही हसत होते. मी पाहिलं ते. बहुतेक त्या दिवशी समेटच झाला असता.

घाण्यावाल्यानं उरलेली ढेपही परत दिली होती. सरांनी वर्गात बजावून सांगितलं होतं, ही ढेप विषारी असते, फक्त खत म्हणून जमिनीत गाडायची. मी वहीत ते लिहून त्याखाली दोन रेघाही मारल्या होत्या. हुशार मुलगी ना मी! पण नेताना घरातलंच पोतं नेलं होतं, सरकीच्या ढेपेचं रिकामं. ते भरून आणलं आणि गोठ्यात कोपऱ्यात उभं केलं. रविवारी सांगायचं ठरवलं होतं. इंजिन चालू झालं, लोक कौतुक करत होते, मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते. सोमवारच्या पहिल्या गाडीनं न सांगताच पुसदला निघून गेले.

गुरुवारी निरोप आला. मी पोचले तेव्हा आपल्या जोडीतला पांढऱ्या मरून पडला होता आणि बांड्या मान टाकून हगवणीत लोळत होता. संध्याकाळी तोही गेला. डॉक्टर म्हणाले, काहीतरी विषारी पोटात गेलं आहे. तुम्ही पांढऱ्याच्या पाठीवरच्या माशा हाकलत बसला होतात. आपले पूर्वज बैलांवर धान्य-मीठ लादून मुलुखभर फिरले, बैल मेला की घरातलं माणूस गेल्यासारखं सुतक धरायचे, हे तुम्हीच मला सांगितलेलं. मी गोठ्यात गेले. पोतं निम्मं झालं होतं. तुम्ही ती ढेप सरकीची समजून तुरीच्या कुटारात कालवून दोन-तीन दिवस घातली होतीत, वर गुळाचं पाणी शिंपून, कामाची जनावरं म्हणून लाडानं. मी ते पोतं उचललं, मागच्या दारानं नेलं आणि उकिरड्यात खोल पुरलं.

बाहेर येते तर बैलांना विष घातलं म्हणून तुम्ही काकांचं नाव घेतलेलं. तांड्याच्या नायकानं पंच बसवले. काका आले, बांड्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "दादा, मी झाडं तोडली. बैलाईले हात लावला असन तर माहा हात झडून जाईन." तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाही. नायकानं मला विचारलं, "पोरी, घरात तू शिकलेली. तुले काही दिसलं काय?" मी म्हणाले, "नाही." पंचांनी काकांनाच दोषी धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती देताना चोर तिथंच उभा होता, याडीला धरून. का बोलले नाही? शिक्षण बंद होईल, ही भीती होतीच. पण खरं सांगू? तुम्ही चार दिवसांपूर्वी 'माह्या पोरीनं केलं' म्हणून विहिरीवर ओरडला होतात. ते मला परत द्यायचं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही बैल घेतले नाहीत. पोळ्याला घरातून बाहेर पडत नसायचात. धुऱ्यावरची सगळी झाडं स्वतःच्या हातानं तोडून जाळलीत, आणि मी "कशाला तोडता" एवढंही म्हणाले नाही. शेवटच्या आजारात तुम्ही मला जवळ बोलावून बजावलंत, "त्याले माह्या मातीले येऊ देऊ नोको." तुम्ही गेलात तेव्हा काका आलेच, अनवाणी, डोक्याला फडकंही नाही. दारात त्यांना अडवलं ते मी. "बापूंनी नाही सांगितलं आहे," म्हणाले. ते "बरं बाई" म्हणाले आणि तुमची तिरडी वळणापलीकडे जाईपर्यंत शाळेच्या भिंतीशी उभे राहिले. बापू, तुमच्या सख्ख्या भावाला मी तुम्हाला खांदा देऊ दिला नाही. मला याची लाज वाटते, आणि नुसती लाज वाटून काही होत नाही.

काका आता थकले आहेत. तांड्यातले म्हातारे अजून त्यांना आपापल्या गोठ्यात पाय ठेवू देत नाहीत. सुट्टीत मी येते तेव्हा ते ओट्यावर बसलेले असतात. "कधी आलीस बाई?" विचारतात. मी "आत्ताच" म्हणते आणि पुढं निघते.

हे सगळं तुम्हाला लिहून झालं, आता हा कागद घडी करून पुस्तकात ठेवून देईन. तुम्हाला तर सहीपुरतंही अक्षर येत नव्हतं, उभ्या जन्मात तुम्ही अंगठाच दिलात. काकांना वाचता येतं. चष्मा लावून रोज अख्खा पेपर वाचतात, मोठ्यानं, एकेका शब्दावर थांबून. म्हणूनच हे पत्र मी तुम्हाला लिहिलं.