पेटीत राहिलेलं नाव

ग्रनाडा, ४ मार्च १९६३

चि. लेआंद्रो यास ताईचे अनेक आशीर्वाद.

जर्मनीतल्या कारखान्यात लागलास म्हणून ताईला चार ओळी लिहायलाही हात दुखतो होय रे? बटाटे उकडून खातोस असं कळलं. भोग आपल्या कर्माची फळं!

इकडे बाबांनी सरूच्या लाकडाची नवी गिटार केली. आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे: गिटारची पाठ चिकटवून तिची पेटी बंद करण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं नाव मोठ्याने घ्यायचं, म्हणजे कुणी आत राहत नाही. चिकटवायचा सरस लावणाऱ्याचं नाव मात्र घरातल्याच दुसऱ्या माणसाने घ्यायचं. बाबांनी माझं घेतलं, मी त्यांचं. तुझं घ्यायला तोंड उघडलं तर डोळे वटारून म्हणाले, की कामाचा बाक सोडून गेलेला या घरातला नाही. आणि पाठ दाबून टाकली.

काल मी तिच्यावर बोटाने टिचकी मारून पाहिली. आत कुणीतरी खाकरलं. लेआंद्रो, ते खाकरणं तुझं होतं. बरा आहेस ना?

लोभ असू दे, निदान एका कार्डापुरता.

तुझी ताई, कासिल्दा


फ्रँकफर्ट, १३ मार्च

ती. ताईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

माझा आवाज गेला आहे. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. परवा लोखंडी पत्रा सुटून माझ्याशेजारी काम करणाऱ्या मानोलोच्या अंगावर येत होता. मी जीव खाऊन ओरडलो, पण ओरडणं बाहेर आलंच नाही. त्याचा हात मोडला. मुकादम म्हणतो, मुक्या माणसाला यंत्रापाशी ठेवता येत नाही. आज शिंक आली, तीसुद्धा ऐकू आली नाही. ताई, मला फार भीती वाटते गं.

बाबांना सांगू नकोस. म्हणतील, बरी खोड मोडली.

तुझ्या मायेचा भुकेला,
लेआंद्रो


ग्रनाडा, २२ मार्च

चि. लेआंद्रो यास आशीर्वाद.

बाबांना सांगितलं नाही. दुपारी जेवून ते आडवे झाल्यावर सुरी तापवली आणि एकटीनेच पाठ सोडवली. आत हात घातला, तर कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखं ऊबदार लागलं. सरस गार होत होता, माझी धांदल उडाली. बाबांचं नाव घेतलं. तुझं तर इतक्या जोरात घेतलं, की शेजारणीने खिडकीतून विचारलं, आला का काय पोरगा म्हणून. मग पाठ बसवून टाकली.

आता पहिला शब्द कोणता निघतो ते कळव. शिवी असली तरी चालेल.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.

ताई


ग्रनाडा, ५ एप्रिल

चि. लेआंद्रो यास आशीर्वाद.

तुझा आवाज परत आला आणि पहिला शब्द 'ताई' निघाला, हे सांगणारं तुझं पत्र पोचलं. मीच ते तुझ्या ताईला वाचून दाखवलं. ती हसली, पण हसणं ऐकू आलं नाही. तुला लिहिलं त्या दिवसापासून ती मुकी आहे.

काल ती गिटार छेडली. तारेमागून कासिल्दा मला जेवायला हाक मारत होती, डाळ गार होतेय म्हणून सांगत होती. आणि कासिल्दा समोरच ताट घेऊन उभी होती, ओठ मिटून.

तिने सगळं लिहून सांगितलं. सरस तिनेच लावला, आणि तिचं नाव घ्यायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

पेटी पुन्हा उघडायला मी तयार आहे. सरस भिजत घातला आहे. तिचं नाव घेईन, तुझंही घेईन. माझं घ्यायला घरातलं बोलतं माणूस उरलेलं नाही. तू ये.

तुझा बाप,
एउलोखियो