भुणभुण थांबली तेव्हा

खंडेनवमी, संध्याकाळ



माझ्याहून वयाने मोठी असलेली ही इलेक्ट्रिक बेस गिटार घेतल्यापासून ॲम्प लावला की भुणभुण होते, तारांना हात लावला की थांबते. म्हणजे अर्थिंग नाही, हे मला ठाऊक होतं. कसब्यातल्या या खोलीतलं सॉकेट दोनच भोकांचं, म्हणून ॲम्पच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन मीच कापली. सगळेच कापतात. बोटांना मुंग्या यायच्या, तेही चालवून घेतलं.

आज गिटार खुर्चीला टेकवली आणि ॲम्प तसाच चालू ठेवून चहा टाकायला आत गेलो. भुणभुण ऐकू येत होती. मग एकदम थांबली.

कोणी हात लावल्याशिवाय ती थांबत नाही.

धावलो. आई अनवाणी, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उभी राहून ओल्या बोटांनी गिटारीला हळदकुंकू लावत होती. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग ओरडलो.

"ओरडायला काय झालं? विळीची पूजा झाली, स्कूटरची झाली, हिनंच काय घोडं मारलंय?" मग हात चोळत म्हणाली, "मुंग्या आल्यात रे. शुगर वाढली असेल."

मी मान डोलावली. का डोलावली?

सॉकेटमधून काढलेला प्लग आता माझ्या मांडीवर आहे. तारांखालच्या लोखंडी पट्टीवर तिच्या बोटाचं कुंकू अजून ओलं आहे. प्लग समोर दिसतोय, तरी ते पुसायला हात पुढे होत नाही.

आतून आई सांगतेय, "माझ्या चहात आजपासून साखर नको हं."