जळणातले पाय

प्रिय अहो,

वर काय लिहावं इथेच माझं पेन अडलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी तुम्हाला कधी नावानं हाक मारली नाही आणि तुम्हीही 'अगं'च्या पुढे गेला नाहीत, मग आता कागदावर नवीन काय काढू? तेव्हा अहो तर अहो. जाऊबाईंना म्हणावं, हे पत्र चारचौघांत वाचून दाखवायचं नाहीये. चष्मा लावा आणि कोपऱ्यात बसून एकट्यानं वाचा.

तुमचा निरोप लेकीकडून पोचला. दुकान सोडून द्यावं, किल्ली जागेच्या मालकाला द्यावी आणि मी तिच्याकडे राहायला जावं. ती बिचारी फोनवर चाचरत बोलत होती, जणू मी तिच्यावर ओरडणार होते. तिच्यावर कशाला ओरडू? ओरडायचंय ते तुमच्यावर, आणि तुम्ही तिकडे भाऊजींच्या घरी भिंतीकडे तोंड करून बसलाय. आठ दिवस म्हणून गेलात, आता तिसरा महिना लागला. तर ऐका. किल्ली मी देणार नाही. दुकान रोज सकाळी उघडतं. मी शटर वर करते, झाडून घेते, तुमच्या स्टुलावर बसते. सुरुवातीला येणारे-जाणारे वाकून बघायचे. समोरच्या सलूनवाल्यानं विचारलंच, "काकू, काय विकताय? हवा?" मी म्हटलं, "तुझ्या दुकानातल्या गप्पांपेक्षा चांगली आहे, घेतोस का बांधून?" त्या दिवसापासून तोच सकाळी येऊन शटर वर ढकलायला मदत करतो. माझा खांदा तुम्हाला माहीत आहेच.

त्या रविवारचं तुम्ही मला कधी बोलू दिलं नाहीत. विषय निघाला की उठून जायचात. आता उठून कुठे जाल? उपासनेहून आपण कोपऱ्यावर वळलो आणि शटर अर्धं वर दिसलं. भरदिवसा, सगळी गल्ली जागी असताना टेम्पो लावून नेलं होतं. लोकांना वाटलं, आपण जागा बदलतोय. शिलाईचं मशीन गेलं, चामडं गेलं, बुटांचे तयार जोड गेले. ते गेलं याचं वाईट वाटलं, पण खरं काय गेलं ते फळ्या बघून कळलं. भिंतभर फळ्या, आणि एकही पाय नाही. बाहेरची माणसं त्यांना लाकडी साचे म्हणतात, आपल्या घरात मात्र ते पायच होते. ज्यांचे पाय कुठल्याच तयार बुटात बसत नाहीत, एक आखूड, एक वळलेला, कुणाची बोटं गेलेली, अशा एकेका माणसाचा पाय तुम्ही लाकडात कोरून ठेवलेला. लेक लहानपणी पाहुण्यांना सांगायची, आमच्या घरात शेकडो पाय आहेत, पण स्वयंपाकघरात यायला आईचेच. ते सगळे पोत्यांत भरून नेले. कशासाठी, देव जाणे.

तुम्ही तिथे रिकाम्या फळीवर हात ठेवून म्हणालात, "आपण त्याच्या घरी होतो, आणि तो आपल्या घरी नव्हता." मला ते पटलं नाही. ते वाक्य मी मनात घोळवत राहिले. त्यानंतर तुम्ही चर्चला आला नाहीत, पोलीस चौकीत आला नाहीत, जेवायलाही माझ्यासमोर बसेनासे झालात. ताट घेऊन मागच्या खोलीत. सगळे म्हणायचे, देवावर रागावलाय. रागावू दे, त्याला सवय आहे. पण देवावर रागावलेला माणूस बायकोपासून डोळे का चोरतो, हे काही मला उलगडेना. उलगडेना म्हणते खरी, पण त्याच्याकडे मी नंतर येते.

तुम्ही गेल्यावर पाळकसाहेब आले. भले गृहस्थ आहेत, चहा घेतला, प्रार्थना केली, आणि मग म्हणाले, "देवाची इच्छा. त्यानं दिलं होतं, त्यानंच नेलं असं समजा." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "पाळकसाहेब, देवानं नेलं असतं तर त्याला टेम्पो कशाला लागला असता?" ते दचकलेच. म्हटलं, "चोराचं पाप देवाच्या माथी मारू नका. देवानं नेलेलं नाही. चोरानं नेलंय. म्हणून तर मी देवाकडे ते परत मागणार आहे. त्यानंच नेलं असतं तर मागायला तोंड कुठे होतं?" जाताना म्हणाले, "बाई, रविवारच्या उपदेशाला हे वापरू का?" मी म्हटलं, वापरा, पण टेम्पोसकट वापरा.

बायकांच्या प्रार्थनासभेतही तेच. एकेक जण उठून माझ्यासाठी मागते, प्रभू, आमच्या भगिनीला शांती दे, समाधान दे, झालं गेलं विसरायचं बळ दे. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "प्रभू, शांती मला पुरेशी आहे. विसरायचं तर मुळीच नाहीये. मला माझं सामान दे. मशीन दे, चामडं दे, पाय दे, आणि दुकानात बसायला माणूस दे." सेक्रेटरीबाईंना खोकल्याची उबळ आली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणतात, असं यादी वाचल्यासारखं मागू नये, आणि आधी चोराला क्षमा केलीत का? केली हो. रोज सकाळी करते, कारण रोज सकाळी रिकाम्या फळ्या बघून ती संपून जाते. पण क्षमा केली म्हणून फिर्याद मागे घ्यायची असं कुणी सांगितलं? मी क्षमाही करते आणि दर आठवड्याला चौकीतही जाते. तिथला शिपाई मला लांबून बघितलं की आता खुर्ची पुसतो. पहिल्यांदा पुसली तेव्हा तोंड वाकडं करून, आता घरच्या खबरा विचारत.

चौकीवर विसंबून मी बसले नाही. भंगाराची दुकानं पालथी घातली. लोखंडाचे ढीग, फुटके पंखे, बाटल्या, सगळीकडे एकच प्रश्न, लाकडाचे पाय बघितलेत का? लोक मला वेडी समजायचे. समजू दे. नदीपलीकडच्या एका भंगारवाल्याकडे गेले, तर दार मिटू नये म्हणून त्यानं खाली उटी म्हणून काय लावलं होतं? पाय! डावा, टाच उंच, चवड्याशी आत वळलेला. आपल्या जुन्या गिऱ्हाइकाचा, कंडक्टरभाऊंचा. मी तो ओढून पदरात घेतला आणि हा कुठून आला म्हणून ओरडले. भंगारवाला घाबरला, पाणी आणून दिलं, आणि मग भडाभडा सांगून टाकलं. कोणी तरी तीन पोती आणून टाकली होती. लाकूड चांगलं वाळलेलं, म्हणून त्यानं ती जळण म्हणून पावाच्या भट्टीला देऊन टाकली. उटीपुरता एक ठेवला.

जळण म्हटल्यावर मी काय समजायचं ते समजले. तरी गेले. वाटभर प्रभूशी भांडत गेले. त्याला म्हटलं, तू मेलेल्याला उठवलंस, तो तरी थडग्यात अख्खा होता. राखेचं तू काय करणार आहेस ते मला दाखवच.

भट्टीची मालकीण म्हणजे एक धिप्पाड बाई, कोपरापर्यंत पीठ, आवाज असा की गल्लीच्या टोकावरची माणसंही पाव घ्यायला वळावीत. मी विचारलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हाकलते. म्हणाली, "एवढे दिवस कुठे होता तुम्ही?" तिनं पहिलं पोतं भट्टीत घातलं होतं, न बघता. दुसरं सोडलं आणि हाताला एक लहानसा पाय लागला, लेकराचा, बोटं एकमेकांवर चढलेली. ती म्हणाली, "बाई, पाय कुठे जळणात घालतात का? हात पुढे होईना माझा. माणसाला म्हटलं, ठेव वर माळ्यावर. कुणाचे तरी आहेत, कुणी तरी मागत येईल." आणि मग म्हणते, "रोज वाटायचं, येईल. नंतर वाटणं सोडून दिलं." मी म्हटलं, मी सोडलं नव्हतं. मग आम्ही दोघी, ओळख ना देख, पिठाच्या पोत्यावर बसून रडलो, आणि ती भट्टीवाल्या माणसावर ओरडली, की बघतोस काय, शिडी लाव.

दोन पोती परत आली, अहो. तिच्याच हातगाडीवर, गरम पावाच्या वासासकट. एक गेलं ते गेलंच. मास्तरीणबाईंचे दोन्ही पाय गेले, विटेवाल्या म्हाताऱ्याचे गेले, तो जुळ्या बहिणींचा जोड गेला. मशीन अजून आलेलं नाही. चामडंही नाही. हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही.

ते पाय पुसत बसले होते तेव्हा तुमच्या त्या वाक्याचं उत्तर मला सापडलं. तो आपल्या घरी नव्हता म्हणालात ना? क्रुसावर प्रभूचा श्वास चालू असताना खाली शिपाई त्याच्या अंगावरच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकत होते. डोळ्यांदेखत. लुटलं जाणं म्हणजे काय, हे त्याला मी समजावून सांगायला नको आणि तुम्हीही नको. त्या रविवारी तो आपल्या दुकानातच होता, आणि आपल्याबरोबर लुटला जात होता. बरं, तिसऱ्या दिवशी त्याला काय परत मिळालं? कपडे नाही मिळाले. ते कुणी तरी घालून फाडले असतील. जीव परत मिळाला. ज्याला एवढं परत मिळालंय त्याच्याकडे एक शिलाईचं मशीन मागायला मी लाजायचं कशाला? मी मागतेच आहे.

बातमी अशी की दुकानात एक जोड तयार झाला. मी केला. तोंड वासू नका. कंडक्टरभाऊंचे पाय आले होते, चामडं उधार आणलं, शेजारच्या शिंप्याच्या मशीनवर जाड सुई लावून शिवला, त्याच्या शिव्या खाल्ल्या. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे वाकडे. कंडक्टरभाऊ घालून कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले, म्हणाले, "वहिनी, चावतोय." मी म्हटलं, दोनदा चावेल, मग ओळख होईल. हसत हसत काढून दिला, मी खिळा ठोकला, आणि तोच घालून ते ड्यूटीवर गेले. मास्तरीणबाई आल्या तेव्हा मी त्यांना आढेवेढे घेत सांगितलं, की तुमचे पाय जळाले. तर त्यांनी चप्पल काढली, पाय कागदावर ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या माप. खरा पाय अजून माझ्याजवळच आहे." जळालेल्यांतले बरेचसे असेच येऊन पाय आखून गेले. कागद भिंतीवर लावलेत. आखणं मला जमतं, लाकूड कोरणं जमत नाही. मी एक प्रयत्न केला, तो भाकरीसारखा दिसतो.

आता या पत्राचं खरं कारण. काल चौकीतून बोलावणं आलं. तो टेम्पोवाला दुसऱ्या कुठल्या चोरीत सापडला, आणि आपल्या दुकानाचंही कबूल करून बसला. शिपायानं मला खुर्ची दिली, आवाज खाली आणला, आणि चोराचा जबाब सांगितला, की कुलूप तोडावंच लागलं नाही, नुसतं कडीत अडकवलेलं होतं. मी म्हटलं, मला माहीत आहे. अहो, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही आत धावलात तेव्हा मी दारातच होते. कुलूप कडीला लटकत होतं, अख्खं, ओरखडासुद्धा नाही. शेजारी जमायच्या आत मी ते काढून पर्समध्ये टाकलं. नंतर तुम्ही ते कोपऱ्याकोपऱ्यात शोधत होतात आणि मी बघत होते. वाटलं, तुम्ही आपण होऊन सांगाल. तुम्हाला वाटलं, हिला कळायला नको. जायच्या आदल्या दिवशी रिकाम्या दुकानाला तीन कुलपं लावलीत तेव्हा मला राहवेना, पण तुमचं तोंड बघून पुन्हा गप्प बसले. आता नाही बसणार. त्या सकाळी तुमच्या दोन्ही हातांत चर्चमध्ये पायपेटी वाजवणाऱ्या बाईंचे नवे बूट होते. त्यांना उपासनेआधी हवे होते, मी पुढून घाई करत होते, तुम्ही कुलूप अडकवलंत आणि दाबायचं राहिलं. बस, एवढंच झालं. टेम्पो तुम्ही बोलावला नव्हतात. दुकान लुटलं त्यानं, आणि शिक्षा भोगताय तुम्ही, भाऊजींच्या भिंतीसमोर. हा कुठला न्याय? त्या दिवशी आपलं जे एक वाचलं ते तुमच्या हातात होतं म्हणून वाचलं. बाई तेच बूट घालून अजून पायपेटीचा भाता मारतात, आणि तुमची जागा रिकामी बघून दर रविवारी एक सूर चुकतात. मशीन येईल तेव्हा येईल. पण सभेत उभं राहून मी माणूस मागितला होता, तो मला या आठवड्यात हवाय. मिळेल ती गाडी पकडा. यापुढे रविवारी कुलूप मी लावीन. तुम्ही फक्त या.

तुमचीच,
अगं