न ओळखलेलं सोंग

२ डिसेंबर

नवे पाद्रीबाबा आज स्पष्टच बोलले. नाताळात तोंडं झाकून घरोघर नाचायचं, हे ख्रिस्ती नव्हे! "तुम्ही कॉलेजात शिकलेल्या. या सोंगांचं मूळ शोधा आणि रविवारी सभेत सांगा. मग ठरवू, यंदा काढायची की नाही."

मला आधी आई आठवली. बाबा गेल्यापासून दोन हिवाळे ती शेजारी, माझ्या धाकट्या भावाच्या, हेडलीच्या घरात चुलीपुढून हललेली नाही. एके काळी न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर तिचं सोंग कुणाला ओळखता येत नसे. सोंगंच बंद झाली, तर ती आता उठायचीच नाही.

५ डिसेंबर

तीन पुस्तकं, तीन मुळं. एक म्हणतं आयर्लंड, दुसरं इंग्लंड, तिसरं येशूच्याही आधीचा सूर्याचा सण!

"तायडे, दे ठोकून आयर्लंड," हेडली म्हणाला. "पाद्रीबाबा काय बोटीत बसून बघायला जाणारेत?"

मोह झाला. खरंच झाला.

६ डिसेंबर

शेजारी जाऊन आईलाच विचारलं, "हे सगळं आलं कुठून गं?" विणकामातून मान वर न करता म्हणाली, "कुठून म्हणजे? शेजारच्या घरातून."

८ डिसेंबर, रविवार

जिंकलो!! उभी राहिले, खरं ते सांगितलं — मूळ मला सापडलं नाही. मग आईचं उत्तर सांगितलं. तेवढ्यात आरॉनकाका ओरडले, "अन् असल्या थंडीत दार उघडून माणसाला आत घेणं ख्रिस्ती नाही, तर काय आहे हो, पाद्रीबाबा?"

सभा हसून हसून लोळायची बाकी! पाद्रीबाबाही हसले. "काढा सोंगं. पण माझ्याही घरी यायचं!"

आईला धावत जाऊन सांगितलं. "बरं झालं," एवढंच. माझी धाव कशासाठी होती, तिला कळलं असेल का?

२६ डिसेंबर

संध्याकाळी पाच सोंगं दारात! तोंडावर खिडकीचे पडदे, पोटाला उशा, डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्या. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलणं. चौघांना ओळखलं. पडदे वर करून त्यांनी केक फस्त केला. पाचवं कुबडं — पण नाचलं काय, जमीन हादरली!

"हेडली!" मी म्हटलं.

"मी इथंय की, तायडे," मागून हेडली, तोंडात केक.

हरले. न ओळखलेलं सोंग पडदा न उचलता, केक न खाता निघून गेलं. रीतच आहे तशी.

२७ डिसेंबर

आईला केक द्यायला गेले. कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. दोन्ही पायांना फोड!

"काय गं हे?"

"कुठं काय," ती म्हणाली — श्वास आत ओढत.