गाब्बाच्या गळ्यातली घंटा

हिवाळी तळ, कौटोकेइनोच्या वर
२ एप्रिल

चि. सुन्ना हिस,
आशीर्वाद, कारण थोरल्याला ते द्यावेच लागतात.

तू रोज तीनदा फोन करतेस आणि मी उचलत नाही. फोन बिघडलेला नाही. तुझा आवाज ऐकला की माझं डोकं उठतं, म्हणून लिहितो. पत्र दुकानदारीणबाईंकडे ठेवतो आहे, उत्तरही तिथंच ठेव.

मुद्दा एवढाच की गाब्बा मला बारा तारखेपर्यंत इथं हवा. हिवाळाभर तो तुझ्याकडे राहतो आणि वसंतात आपल्या रेनडिअरच्या कळपापुढे चालायला माझ्याकडे येतो, यात नवीन काही नाही. पण यंदा ऊन लवकर चढलं आहे. नदीवरचा बर्फ वीस तारखेपुढे टिकेल असं मला वाटत नाही. त्याआधी कळप पलीकडे गेला नाही, तर माद्या अलीकडेच वितील, आणि मग पुराच्या पाण्यात आठ दिवसांच्या पिलांना पोहायला लावायचं की गरुडांपुढे सोडायचं, ते तू येऊन ठरव.

दुकानात तुझं पत्रक पाहिलं. “फक्त आठ पाहुणे. पांढऱ्या गाब्बासोबत एक अविस्मरणीय दिवस.” गाब्बाला विचारलंस का, त्याला किती अविस्मरणीय वाटतो ते? आपल्याकडे लग्नात शिजणारं मांसाचं बिदोस तू रोज दुपारी मोटारीतून उतरलेल्या लोकांना वाढतेस. आईची सणाची गाक्ती त्यांच्या अंगात घालून फोटो काढू देतेस म्हणे. आणि कुणी विचारलं की आपल्या कळपाचा आकडाही सांगून टाकतेस. बाबांनी सख्ख्या भावालाही तो कधी सांगितला नव्हता.

लोभाचं पुढे पाहू. आधी गाब्बा पाठव.
मिह्काल

नदीकाठचा तळ
६ एप्रिल

ती. मिह्कालदादा यास,
साष्टांग नमस्कार. थोरला असल्याची आठवण तूच करून दिलीस, म्हणून आठही अंगं वापरली.

गाब्बाच्या कानावर खूण कुणाची आहे? माझी. बाबांनी माझ्यासमोर ती कापली, तेव्हा तू कॉफी उतू घालवत होतास. त्याला दोरीवर चालायला तू शिकवलंस, हे मी कधी नाकारलं नाही. पण आपल्यात जनावर कुणाचं हे कान सांगतो, शिकवणारा नाही.

ईस्टरमुळे गाब्बासाठी येणारे गट सोळा तारखेपर्यंत ठरलेले आहेत. आल्टाहून दीड तास हाडं खिळखिळी करून घेत ही माणसं पांढरा रेनडिअर बघायला येतात. त्याच्या जागी तुला उभा केला असता, पण तू त्यांच्यावर भुंकशील. सतरा तारखेला गाब्बा गाडीत चढेल. त्यापुढच्या गटांना मी दुसरी जनावरं दाखवीन.

आईची गाक्ती माझ्या पेटीत आहे आणि तिला मीसुद्धा दोनदाच हात लावला आहे. पाहुण्यांसाठी वेगळी शिवली. कळपाचा आकडा मी दर वेळी निराळा सांगते. खरा तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?

आता खरं सांगते. नवव्या वर्षापासून कळप नदी ओलांडायचा तेव्हा सगळ्यांच्या पुढे घंटा घेऊन मी चालायचे आणि बाबा मागून जनावर आणायचे. बाबा गेले त्या वसंतात सगळ्या घरांदेखत तू म्हणालास, “बस घेऊन फिरणारीने कळपापुढे चालू नये.” त्याला सहा वर्षं झाली. दरवर्षी मी गाब्बाला घंटेसकट पाठवते आणि नदी ओलांडल्याचा निरोपसुद्धा तू देत नाहीस. दुकानदारीणबाई मला सांगतात.

यंदा एकदा विचार, “सुन्ना, येतेस का?” मग सतराची वाट बघत नाही. सगळे गट रद्द करते, गाब्बालाही आणते आणि मीही येते.

वहिनीला नमस्कार. तुझ्या वाट्याचा वर आधीच देऊन झाला आहे.
सुन्ना

वृद्धाश्रम, कौटोकेइनो
११ एप्रिल

चि. सुन्ना हिस रावनाआत्याचे आशीर्वाद.

माझे कान गेले आहेत, डोळे शाबूत आहेत. त्यामुळे तुम्हा दोघांची भांडणं मला वाचावी लागतात. मिह्कालचं चार पानी पत्र आलं. त्यात साडेतीन पानं तुझी निंदा आणि अर्धं पान माझ्या गुडघ्याची चौकशी. तुझंही आलं. तू गुडघा विसरलीस.

तुमचा बाप असाच होता. कुत्र्याच्या एका पिलावरून त्यानं भावाशी चार हिवाळे अबोला धरला आणि चार हिवाळे त्याच्याच शेजारी तंबू ठोकला. तुम्ही निदान लांब राहता.

मिह्कालनं तुला जे ऐकवलं ते वाईट होतं. मी तिथं होते आणि गप्प बसले, ते माझं चुकलं. पण तो राग नदीवर काढू नकोस. बर्फ भावाबहिणीचं भांडण बघून थांबत नाही. गाब्बाला पाठव, आणि घंटा गळ्यात असू दे. पांढरं जनावर, खाली पांढरा बर्फ, वर नदीचं धुकं. दहा पावलांवरून तो कुणाला दिसणार? कळप त्याच्या मागे कानांनी चालतो.

माझ्यासाठी सुकवलेली जीभ पाठव. इथं सगळं मऊ करून वाढतात.
तुझी आत्या

नदीकाठचा तळ
१७ एप्रिल

श्री. मिह्काल यांस,
सा. न. वि. वि. वाट बघून बघून नातं विसरले, म्हणून असा मायना.

शब्द दिल्याप्रमाणे गाब्बा पाठवला आहे. खाऊनपिऊन सुखी आहे, खुराकाच्या गोळ्यांची सवय लागली आहे तेवढी सांभाळ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात गाब्बा मागितला आहे, घंटा मागितल्याचं कुठं दिसलं नाही. मला ती रोज लागते. पाहुणे फोटो काढत पांगतात, दुपारी बिदोस तयार झालं की मी घंटा वाजवून त्यांना गोळा करते आणि गाब्बाला गोळ्या देते. हवी असेल तर माग. काय विचारायचं तेही मागच्या पत्रात लिहून दिलं आहे.

कृपा आहेच म्हणतात, मला दिसली नाही.
सुन्ना

किनाऱ्याचा तळ
५ मे

ती. रावनाआत्या,
नमस्कार. गुडघा कसा आहे?

कळप किनाऱ्यावर पोचला, आता काळजी करू नकोस. कसा पोचला ते मीच लिहितो, कारण सुन्ना लिहील ते रंगवून लिहील. तीही इथंच आहे, पलीकडच्या तंबूत. आम्ही बोलत नाही.

एकोणीस तारखेला सकाळी मी कळप नदीवर आणला. दाट धुकं होतं. गाब्बाची दोरी माझ्या हातात, गळ्यात दुकानातून आणलेली नवी घंटा. मी बर्फावर उतरलो, गाब्बा उतरला, आणि मागे वळून बघतो तर सगळा कळप काठावर उभा. ती घंटा त्यांच्या ओळखीची नव्हती आणि गाब्बा त्यांना दिसत नव्हता. पुढच्या माद्या बर्फ हुंगायच्या आणि मागे सरायच्या. मी ओरडलो, कुत्रे सोडले, पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तीन तास गेले. काठालगत पाणी वर येऊ लागलं होतं. आत्या, बाबांचा सगळा कळप माझ्या हातून बुडणार किंवा अडकणार, असं सरळ दिसत होतं.

दुपारी वारा फिरला आणि नदीच्या खालच्या अंगाने आपली घंटा ऐकू आली. सुन्ना पाहुण्यांना जेवायला बोलावत होती.

गाब्बानं कान टवकारले, दोरी माझ्या हातातून हिसकली आणि तो निघाला. त्याला गोळ्या दिसत होत्या, कळपाला नदीची वाट. सगळा कळप त्याच्यामागे पळाला, उलट्या दिशेनं, तिच्या तंबूकडे. मी स्नोस्कूटरवर सगळ्यांच्या मागे. इतकी वर्षं लोक मला कळपापुढे चालणारा म्हणतात, त्या दिवशी मी शेपटीला होतो.

तिथं पोचलो तर ते आठ जण उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. एका बाईनं मला विचारलं की हे रोज किती वाजता असतं.

पुढचं मला लिहवत नाही. पाकीट एकच आहे, तिचं पत्रही त्यातच घालतो. वाचलेलं नाही.
तुझा मिह्काल

किनाऱ्याचा तळ
५ मे

प्रिय आत्या,
गुडघ्याला आधी नमस्कार, मग तुला. जीभ पाठवते आहे.

दादानं कुठवर लिहिलं माहीत नाही. तो माझ्या तळावर पोचला तिथून मी धरते.

शेकोटीपासून नदीपर्यंत सगळी जनावरं. कुणाची टोपी एक मादी चघळत होती. दादा लालबुंद होऊन आला, आठ अनोळखी माणसांसमोर हात पुढे केला आणि म्हणाला, “घंटा दे.”

मी म्हणाले, “माग.”

आत्या, तुझ्यापाशी खोटं बोलत नाही. नदीचा आवाज मला ऐकू येत होता. बर्फाखालून पाणी गुरगुरायला लागलं की काय होतं हे मला नवव्या वर्षापासून माहीत आहे. तरी मी म्हणाले, “माग.” सहा वर्षांचं विष होतं ते.  मग त्यानं तोंड फिरवलं आणि बाहीला डोळे पुसले. थंडीनं पाणी येतं तसं ते पाणी नव्हतं.

मग मी त्यानं विचारण्याचीही वाट बघितली नाही. घंटा उचलली, गोळ्यांची बादली काखेत घेतली आणि बर्फावर उतरले. घोट्यापर्यंत पाणी होतं. घंटा वाजवत चालत राहिले, मागे बघितलं नाही, कारण बाबा बघू द्यायचे नाहीत. खुरांचा आवाज मागून येत होता. पलीकडच्या काठावर चढले तेव्हा कळलं की मी सगळा वेळ रडत होते.

सगळ्यात शेवटी दादा आला. तो चढला आणि काही वेळानं नदीच्या मधोमध बर्फ दुभंगला. माझे आठ पाहुणे त्या काठावर, मी या काठावर. चालकानं त्यांना करपलेलं बिदोस वाढलं आणि आल्टाला नेलं. मला मात्र भावासोबत किनाऱ्यापर्यंत पंधरा दिवस चालणं आलं. त्या पंधरा दिवसांत तो माझ्याशी एकच वाक्य बोलला, तेही पहिल्या दिवशी. म्हणाला, बूट काढ, ओले आहेत.

घंटा मी गाब्बाच्या गळ्यात बांधली आहे. उद्याच्या बसनं परत जाते. घंटा मागायला मी येणार नाही. दादा जिंकला असं त्याला वाटत असेल तर वाटू दे. तू आधी घंटा पाठवायला सांगितली होतीस, ते ऐकायला हवं होतं.

माया आहे तेवढी राहू दे, जास्त नको.
तुझी सुन्ना

शरदतळ
४ ऑक्टोबर

चि. सुन्ना हिस,
आशीर्वाद. या वेळी मनापासून का ते विचारू नकोस.

गाब्बाला सोबत पाठवतो आहे. तुझ्या गोळ्यांनी त्याचं पोट बिघडवलं होतं, ते मी उन्हाळाभर नीट केलं. पुन्हा बिघडवू नकोस.

दुकानात तुझं नवं पत्रक पाहिलं. “नशीब असेल तर रागीट भाऊही दिसतो.” मागच्या आठवड्यात दोन म्हातारी जर्मन माणसं दुकानात माझी वाट बघत बसली होती. मी त्यांना काय म्हणालो हे त्यांना कळलं नाही, पण फोटो काढून ती आनंदानं गेली. हे बंद कर.

पिलं चांगली निघाली. किती ते लिहीत नाही, तुझ्या पाहुण्यांच्या हाती पत्र लागायचं. पहिल्या पिलाच्या कानावर तुझी खूण कापली. उपकार म्हणून नाही. तू नसतीस तर ते पुरात गेलं असतं, म्हणजे ते तुझंच.

त्या वसंतात सगळ्यांदेखत जे बोललो ते बोलायला नको होतं. बाबा नव्हते, आणि तुझ्यामागे चालायची मला लाज वाटली. नदीवर या वर्षी तुझ्यामागे चाललो, तेव्हा लाज वाटली नाही, भीती वाटली. तू बुडशील याची.

तोंडानं विचारायला मला अजूनही जमत नाही, म्हणून लिहून विचारतो. एप्रिलच्या मध्याला पाहुणे घेऊ नकोस. सुन्ना, येतेस का?

मिह्काल

ता. क. घंटा गाब्बाच्या गळ्यातच आहे. ती ठेवून घ्यायचं मी पक्कं ठरवलं होतं, तुझ्या वहिनीला सांगूनही झालं होतं. पण घंटा इथं राहिली तर तू कशाला येशील?